सिरिंजच्या पाकिटावरची तारीख नेमकी कशाची?

परिचारिका सिरिंजचे पाकीट दोन्ही कडांना धरून केळे सोलावे तसे उघडते, तेव्हा आपले सारे लक्ष सुईकडे असते. त्या पाकिटाची एक बाजू पारदर्शक प्लास्टिकची आणि दुसरी पांढऱ्या कागदाची का, हा प्रश्न मनात येत नाही आणि त्यावर छापलेली मुदत औषधाच्या मुदतीसारखीच असावी असे आपण धरून चालतो. वास्तविक सिरिंजचे प्लास्टिक आणि सुईचे पोलाद औषधाप्रमाणे नासत नाही. रबरी दट्ट्या कालांतराने कडक होतो हे खरे, पण त्या तारखेमागचा मुख्य प्रश्न वेगळाच असतो: हे वेष्टन बाहेरच्या जंतूंना किती काळ खात्रीने बाहेर ठेवू शकेल?

वैद्यकीय साधनांच्या क्षेत्रात ‘निर्जंतुक’ या शब्दाला काटेकोर अर्थ आहे. वस्तूवर एखादा जिवंत सूक्ष्मजीव उरण्याची शक्यता दहा लाखांत एकापेक्षा अधिक नसावी, असा तो निकष. एकदाच वापरून टाकायची साधने आधी पाकिटात बंद केली जातात आणि निर्जंतुकीकरण नंतर, पाकिटासकट होते. म्हणजे जंतू मारणारे माध्यम वेष्टनातून आत शिरले पाहिजे, पण त्यानंतर वर्षानुवर्षे एकही जंतू त्याच वाटेने आत जाता कामा नये. म्हणूनच वेष्टनाची निवड निर्जंतुकीकरणाच्या पद्धतीपासून सुरू होते. साधन पूर्ण तयार झाल्यावर ‘आता हे कशात भरायचे’ असा विचार करणे ही माझ्या मते या कामातली सर्वांत महागात पडणारी चूक आहे.

इथिलीन ऑक्साइड हा वायू उष्णता न सोसणाऱ्या प्लास्टिकसाठी फार वापरला जातो. बंद कक्षातली हवा आधी ओढून घेतात, मग वायू सोडतात आणि शेवटी तो पुन्हा काढून टाकतात. हे काढून टाकणे आत सोडण्याइतकेच महत्त्वाचे आहे, कारण हा वायू कर्करोगकारक आहे आणि साधनावर उरणाऱ्या त्याच्या अंशावर कडक मर्यादा आहेत. या साऱ्या ये-जा करण्याचे दार म्हणजे पाकिटाची कागदी बाजू. ती अपुरी पडली, तर कक्षातील दाब कमी होताच पाकीट फुग्यासारखे फुगते आणि कडेचे सील उसवते.

मग ज्या कागदातून वायू जातो, त्यातून जंतू का जात नाहीत? कागदातील काही छिद्रे जंतूंपेक्षा मोठीही असू शकतात, पण ती सरळ भोके नसतात. तंतूंच्या असंख्य थरांमधून जाणारी ती वाकडीतिकडी वाट असते. जंतू बहुधा धुळीच्या कणांवर बसून येतात, प्रत्येक वळणावर एखाद्या तंतूवर आदळतात आणि तिथेच अडकतात. हे संरक्षण कोरडे असेपर्यंतच टिकते. कागद भिजला की पाण्याबरोबर जंतू थेट आत जाऊ शकतात, म्हणून ओल लागलेले पाकीट नंतर सुकले तरी ते टाकूनच द्यावे लागते. आपल्याकडच्या पावसाळ्यात भांडारातील खोक्यांना भिंतीची ओल लागू नये यासाठी घेतलेली काळजीसुद्धा शस्त्रक्रियेच्या तयारीचाच भाग आहे.

कागदाला सर्वांत मोठा पर्याय टायवेकचा. ड्यूपॉन्ट कंपनीच्या प्रयोगशाळेत १९५५ साली एका नळीतून पांढरे तंतू बाहेर पडताना दिसले, त्यातून पुढे हा पदार्थ घडला आणि १९६७ मध्ये त्याचे व्यापारी उत्पादन सुरू झाले. हे पॉलिएथिलीन या प्लास्टिकचे अखंड, अतिसूक्ष्म तंतू असल्याने टायवेक सहजी फाटत नाही आणि सोलताना त्याची भुकटी उडत नाही. कागदाचे तुटलेले तंतू जखमेत पडणे किती वाईट, हे सांगायला नको. मात्र टायवेक महाग आहे. हलक्या, मऊ कडांच्या सिरिंजला चांगल्या प्रतीचा वैद्यकीय कागद पुरेसा ठरतो, तर जड, टोकदार किंवा शरीरात कायमचे बसवायच्या साधनासाठी कागदावर पैसे वाचवू नयेत.

गॅमा किरणांचे गणित निराळे. कोबाल्ट-६० पासून निघणारे हे किरण बंद खोकीही भेदून जातात, त्यामुळे वेष्टनाला श्वास घेण्याची गरज उरत नाही. मुंबईत ट्रॉम्बे येथील आयसोमेड हे केंद्र १९७४ पासून हेच काम करत आले आहे. नेहमीची मात्रा २५ किलोग्रे (ग्रे हे वस्तूने शोषलेल्या किरणांच्या मात्रेचे एकक). पण साध्या पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकच्या रेणूंच्या साखळ्या या किरणांनी तुटतात आणि ती मोडतोड पुढे कित्येक महिने चालू राहते. त्या दिवशी धडधाकट दिसलेली वस्तू वर्षभराने ठिसूळ निघू शकते. कागदही कमकुवत होतो. वाफेच्या बाबतीत उलटे घडते: १३४ अंश सेल्सिअसच्या वाफेला कागद टिकतो, टायवेक मात्र वितळण्याच्या बेतात येतो.

पदार्थ कितीही चांगला असला, तरी बहुतेकदा घात होतो तो सीलपाशी. उष्णता, दाब आणि वेळ यांचा मेळ चुकला की कडेला केसाएवढी फट राहते, किंवा सील इतके घट्ट बसते की उघडताना कागद फाटतो. म्हणून काही पाकिटांवर रंगीत द्रावण सोडून ते सीलमधून पाझरते का हे पाहतात, तर काहींचे सील ओढून त्याचा जोर मोजतात.

मुदत ठरते ती अशाच चाचण्यांवर. पाच वर्षांची मुदत तपासायला पाच वर्षे थांबणे परवडत नसल्याने पाकिटे ५५ अंशांच्या कक्षात ठेवतात. तापमान १० अंशांनी वाढले की जीर्ण होण्याचा वेग दुप्पट होतो असे मानले, तर नेहमीच्या २५ अंशांच्या तुलनेत तो आठपट होतो आणि पाच वर्षांचे काम सुमारे २२८ दिवसांत उरकते. हा अंदाजच असतो, म्हणून तशीच दुसरी पाकिटे साध्या तापमानाला खरोखर पाच वर्षे ठेवून पुन्हा तपासावी लागतात. छापलेल्या तारखेमागे इतके सारे असते, पण ते फक्त न भिजलेल्या, न फाटलेल्या पाकिटापुरते. त्यामुळेच तारखेजवळ फाटलेल्या खोक्याचे एक लहानसे चिन्ह असते. वेष्टन खराब झाले असल्यास वस्तू वापरू नये, असा त्याचा अर्थ.