‘धुळे’ची लांबी

‘धुळे’ या शब्दात अक्षरं किती? पहिलीतलं पोर लगेच सांगेल, दोन. हाच शब्द गो या प्रोग्रामिंग भाषेतल्या स्ट्रिंगमध्ये, म्हणजे मजकुराच्या साठ्यात, ठेवून लांबी विचारली की उत्तर येतं १२. पायथनची तिसरी आवृत्ती आणि जावास्क्रिप्ट या दोन्ही भाषा ४ सांगतात, स्विफ्ट ही भाषा २. गणित कुणाचंच चुकलेलं नाही, प्रत्येक भाषा वेगळी गोष्ट मोजते. या गुंत्याचं मूळ ‘कॅरेक्टर’ या एका शब्दात आहे.

सुरुवातीला मजकुराला फारसा मान नव्हता. १९५७च्या फोरट्रान भाषेत मजकूर छापायचा तर त्यातली अक्षरं हाताने मोजून आधी आकडा लिहायचा, मग एच, मग मजकूर. व्हेरिएबलचं, म्हणजे प्रोग्राममध्ये किंमत ज्या नावाने ठेवतात त्याचं, नाव आय ते एनपैकी कशानेही सुरू झालं की तो पूर्णांक. काम आकडेमोडीचं होतं, भागत होतं.

वाद सुरू होतो सी या भाषेपासून. सी १९७२च्या सुमाराची. तिच्या पूर्वजांपैकी बीसीपीएलमध्ये स्ट्रिंगच्या डोक्यावर तिची लांबी लिहिलेली असे. पुढच्या बी भाषेने ती पद्धत सोडून शेवटी एक खूण ठेवली, आणि सीमध्ये त्या जागी शून्य बाइट आला (बाइट म्हणजे संगणकाच्या स्मृतीतलं एक घर). कारणं दोन दिली गेली: लांबीच्या छोट्या खणामुळे मजकुरावर मर्यादा येते, आणि लांबी सांभाळत बसण्यापेक्षा खूण सोयीची वाटते. पहिलं कारण पोकळ नव्हतं. टर्बो पास्कलने लांबी डोक्यावर ठेवली आणि तिथली स्ट्रिंग २५५ अक्षरांच्या पुढे जाईना. तरीही सीचा निर्णय महागात पडला असंच माझं मत आहे. स्ट्रिंग कुठे संपते हे शेवटपर्यंत चालत गेल्याशिवाय कळत नाही, आणि समोरची जागा केवढी आहे हे मजकूर ओतणाऱ्याला ठाऊक नसतं. १९८८ साली इंटरनेटवर पसरलेल्या वर्मने, म्हणजे आपोआप पसरणाऱ्या प्रोग्रामने, याच फटीतून वाट काढली. त्यात सापडलेलं, मजकूर वाचून घेणारं ‘गेट्स’ हे फंक्शन सीच्या प्रमाण आवृत्तीतून जायला २०११ उजाडलं.

आमच्या पिढीने जळगाव-धुळ्याच्या संगणक प्रयोगशाळांत टर्बो सीच्या निळ्या पडद्यावर हेच गिरवलं. गावाच्या नावासाठी दहा घरांचा ॲरे, म्हणजे घरांची रांग. रोमनमध्ये धुळे म्हणजे पाच अक्षरं आणि शेवटचं शून्य, सहा घरांत काम झालं. तिथेच एक समजूत पक्की बसली: एक कॅरेक्टर म्हणजे एक अक्षर, म्हणजेच एक बाइट. इंग्रजीच्या साध्या रोमन अक्षरांपुरती ती खरी आहे. देवनागरीत ती पहिल्याच शब्दाला मोडते.

व्हेरिएबल म्हणजे डबा, हेही तेव्हाच शिकलो. सीपुरतं ते चालतं. पायथनमध्ये मात्र व्हेरिएबल ही कापसाच्या गाठीवरची चिठ्ठी आहे, एकाच गाठीला दोन चिठ्ठ्या लागू शकतात. पायथन आणि जावात स्ट्रिंगची गाठ एकदा बांधली की आतला कापूस बदलत नाही. बदल हवा तर नवी गाठ बांधायची आणि चिठ्ठी तिला लावायची.

देवनागरीसारख्या भारतीय लिप्यांच्या अक्षरांना आकडे देणाऱ्या इस्की या पद्धतीची एक आवृत्ती १९८८ साली आली, १९९१मध्ये सुधारित आवृत्ती. जगभरच्या लिप्यांसाठी हेच काम करणाऱ्या युनिकोडने १९९१मध्ये देवनागरीची मांडणी इस्कीवरूनच घेतली. व्यंजनाला एक जागा, मात्रेला वेगळी जागा, आणि जोडाक्षर हलन्ताने घडवायचं. जोडाक्षरांना स्वतंत्र जागा द्यायला हव्या होत्या असं म्हणणारे आजही भेटतात. मला ते पटत नाही. जोडाक्षरांची यादी करायला बसलं तर ती संपणार नाही, आणि उच्चाराच्या क्रमाने साठवलेला मजकूर शोधायला, लावायला सोपा जातो. जुन्या छपाईच्या फॉन्टांत ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी साठवली जायची. त्या फायली ज्यांनी युनिकोडमध्ये आणल्या, त्यांना हा फरक पुरेपूर कळला.

म्हणून ‘धुळे’त ध, उकार, ळ आणि एकमात्रा अशा चार जागा, म्हणजे चार कोड आहेत. यूटीएफ-८ या साठवण्याच्या पद्धतीत प्रत्येकाला तीन बाइट, एकूण १२. सीच्या त्या दहा घरांत हे मावत नाही, शेवटच्या शून्यासकट १३ लागतात.

एका संस्थेची सभासदयादी दुरुस्त करताना हे हाताला लागलं. गावाचा रकाना दहा बाइटांचा होता. धुळ्याचे सगळे सभासद ‘धुळ’ आणि पुढे काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह असे आले. जळगावचं ‘जळग’, नंदुरबारचं ‘नंद’. प्रत्येकाच्या शेपटीला चौथ्या कोडचा पहिला बाइट लोंबत राहिलेला. तीनही जिल्ह्यांची नावं एकाच जागी कापलेली पाहून वाईट वाटलं, कारण रकाना आखणाऱ्याने दहा अक्षरं पुरतील असा सरळ विचार केला होता.

‘स्ट्रिंग उलटी करा’ हा परीक्षेतला नेहमीचा प्रश्नही इथेच फसतो. कोड उलटे लावले की ‘धुळे’ची सुरुवात निराधार मात्रेने होते आणि ध चा उकार ळ ला जाऊन चिकटतो.

पायथन ३ने २००८मध्ये स्ट्रिंग आणि बाइट वेगळे केले. त्याच आवृत्तीपासून व्हेरिएबलचं नाव ‘नाव’ असं देवनागरीतही ठेवता येतं. २०१४ची स्विफ्ट आणखी पुढे गेली, ती वाचणाऱ्याला दिसणारं अक्षर मोजते. पण दिसणारं अक्षर म्हणजे काय, हे युनिकोडचा नियम ठरवतो, आणि त्या नियमात देवनागरी जोडाक्षर एकसंध धरायला २०२३ची १५.१ आवृत्ती यावी लागली. ‘अक्कलकुवा’ या गावाच्या नावात नऊ कोड आहेत. आधीच्या नियमाने त्याची अक्षरं सहा होतात, क् आणि क वेगळे पडतात. नव्या नियमाने पाच.