वारसाफेरी, प्रागच्या जुन्या शहरातील

ऐतिहासिक गावठाण जाणत्या मार्गदर्शकाबरोबर पायी हिंडून पाहण्याची पद्धत. ‘हेरिटेज वॉक’ हे नावही मराठीत तितकेच रुळलेले आहे. युरोपातील बहुतेक जुन्या शहरांत अशा फेऱ्या रोज निघतात. येथे चेक प्रजासत्ताकाची राजधानी प्राग येथील ‘स्तारे म्न्येस्तो’ म्हणजे जुन्या शहराच्या फेरीचा विचार केला आहे.

हा भाग व्ल्तावा नदीच्या उजव्या काठावर वसला आहे. त्याला नागरी हक्क केव्हा मिळाले याबद्दल एकवाक्यता नाही; १२३० चे दशक सर्वसाधारणपणे मान्य आहे. चौथा कारेल (चार्ल्स) या राजाने १३४८ मध्ये शेजारी नवे शहर वसवले आणि त्याच्या तुलनेत हे ‘जुने’ ठरले. १७८४ मध्ये प्रागची चार स्वतंत्र शहरे एका नगरपालिकेखाली आली. १९९२ मध्ये प्रागचे ऐतिहासिक केंद्र युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत दाखल झाले.

मार्ग : प्राश्ना ब्राना (दारूगोळ्याचा बुरूज) – त्सेलेतना रस्ता – उंगेल्ट – जुन्या शहराचा चौक – खगोलीय घड्याळ – माले नाम्न्येस्ती – कार्लोवा रस्ता – कार्लुव मोस्त (चार्ल्स पूल) असा बहुतेक फेऱ्यांचा क्रम असतो. बोहेमियाच्या राजांच्या राज्याभिषेकाची मिरवणूक याच वाटेने पुढे किल्ल्यावर जाई. अशी अखेरची मिरवणूक १८३६ मध्ये निघाली. बुरुजापासून पुलापर्यंत सरळ अंतर जेमतेम सव्वा किलोमीटर. आडवाटा धरून दोन-अडीच किलोमीटर चालणे होते आणि थांबत थांबत दोन ते अडीच तास लागतात. चालण्यापेक्षा उभे राहणेच अधिक होते. गुडघ्यांचा किंवा कमरेचा त्रास असणाऱ्यांनी अंतराचा आकडा पाहून निर्धास्त होऊ नये.

प्राश्ना ब्रानाचे बांधकाम १४७५ मध्ये सुरू झाले. मातेय रेयसेक हा त्याचा प्रमुख कारागीर. त्सेलेतना रस्त्याच्या तोंडाशी ‘काळी मादोन्ना’ हे योसेफ गोचार यांचे १९११–१२ चे घर आहे. घनवादाच्या (क्युबिझम) कोनदार रेषा वास्तूत उतरलेल्या येथे पाहायला मिळतात. उंगेल्ट म्हणजे परदेशी व्यापाऱ्यांचे जकातीचे आवार. या आवाराच्या नावापलीकडे बहुतेक फेऱ्या जात नाहीत, मात्र दोन्ही टोकांच्या दरवाजांमुळे बंदिस्त आवाराची कल्पना येथेच नीट येते.

जमिनीची पातळी : जुने शहर समजून घेण्याची किल्ली रस्त्याच्या खाली आहे. बाराव्या-तेराव्या शतकांत येथे ‘ओपुका’ नावाच्या फिकट पिवळसर चुनखडीयुक्त दगडाची घरे होती. पूर वारंवार येत, म्हणून पुढे रस्त्यांची पातळी भर घालून उचलण्यात आली. काही ठिकाणी दोन-तीन मीटर, काही ठिकाणी त्याहून जास्त. परिणामी जुन्या घरांचे तळमजले तळघरे झाले. आज अनेक उपाहारगृहांच्या तळघरांत दिसणाऱ्या कमानी मूळच्या रस्त्यालगतच्या खोल्यांच्या आहेत. नगरगृहाखालील दालनांत आणि रझेतेझोवा रस्त्यावरील कुन्श्टाट सरदारांच्या घरात हे स्पष्ट दिसते. ओपुका ओळखण्याची खूण साधी : दगड लांबट, चपट्या विटांसारखे बारीक घडवलेले असतात आणि सांधे अरुंद असतात. वरच्या मजल्यांवरची ओबडधोबड भिंत बहुधा नंतरची असते.

चौकातील ‘दगडी घंटा’ हे घर याच न्यायाने पाहावे. बरोक काळातील दर्शनी भाग विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील जीर्णोद्धारात उतरवला, तेव्हा त्यामागून चौदाव्या शतकातला गॉथिक मनोरा जवळजवळ पूर्ण बाहेर आला. शेजारच्या रंगीत घरांमागेही असेच काही दडलेले असणार. चांगला मार्गदर्शक येथे दोन मिनिटे गप्प राहून लोकांना भिंत पाहू देतो.

खगोलीय घड्याळ (ऑर्लॉय) : जुने नगरगृह १३३८ मध्ये यान लुक्सेंबुर्स्की या राजाच्या परवानगीने स्थापन झाले. त्याच्या मनोऱ्याच्या दक्षिण भिंतीवर हे घड्याळ आहे. आजही चालू असलेल्या खगोलीय घड्याळांत ते सर्वांत जुने मानले जाते.

ते कोणी केले, हा प्रश्न दीर्घकाळ वादाचा होता. घड्याळाची देखभाल करणाऱ्या यान ताबोर्स्की याने १५७० मध्ये लिहिलेल्या वृत्तांतात कर्तृत्वाचे श्रेय मास्टर हानुश याला दिले आणि त्यामुळे निर्मितीचा काळ १४९० च्या आसपास धरला जाऊ लागला. ताबोर्स्की स्वतः यंत्र जाणणारा असल्याने त्याच्या शब्दाला वजन होते. पुढे याच हानुशभोवती आख्यायिका तयार झाली : दुसऱ्या शहरासाठी त्याने असे यंत्र करू नये म्हणून नगरपित्यांनी त्याचे डोळे काढले आणि आंधळ्या हानुशने यंत्रात हात घालून ते बंद पाडले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस छापील कथासंग्रहांतून ती घरोघरी पोहोचली. ९ ऑक्टोबर १४१० रोजीच्या दस्तऐवजात मात्र घड्याळाचा कर्ता म्हणून कादान्य गावच्या मिकुलाशचे नाव आहे. विसाव्या शतकात हा दस्तऐवज अभ्यासकांच्या चर्चेत आल्यावर ताबोर्स्कीचे मत मागे पडले. तबकडीमागचे गणित विद्यापीठातील प्राध्यापक यान शिंडेल याचे असावे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. हानुशकडे १४९० च्या सुमाराची दुरुस्ती आणि कदाचित खालच्या दिनदर्शिकेची भर एवढेच जाते. हे दुसरे मत अधिक सबळ आहे. डोळे काढल्याच्या कथेला समकालीन आधार नाही. ती कथा म्हणून जरूर सांगावी; घटना म्हणून सांगणे चुकीचे आहे, आणि फेऱ्यांत ही चूक वारंवार होते.

यंत्राचा गाभा एका सामाईक दांड्यावर बसवलेल्या २४ दातांच्या लहान चाकांचा आहे. ती तीन मोठी चाके फिरवतात : राशिचक्राचे ३६५ दातांचे, सूर्याचे ३६६ दातांचे आणि चंद्राचे ३७९ दातांचे. सूर्याचे चाक दिवसाला एक फेरी करते. राशिचक्राचे चाक एका दाताने लहान असल्याने तेवढ्याच वेळात किंचित पुढे जाते, आणि ३६५ दिवसांत त्याच्या ३६६ फेऱ्या होतात. म्हणजे नाक्षत्र (ताऱ्यांवरून मोजलेला) दिवस आणि सौर दिवस यांतला फरक केवळ एका दाताने साधला आहे. वर्षाचे उरलेले पाव दिवसाचे अंतर हाताने दुरुस्त करावे लागते. चंद्राच्या चाकात महिन्याकाठी साडेचार-पाच अंशांची चूक साचते. तीही देखभाल करणाऱ्याला सुधारावी लागते. चंद्राचा अर्धा रुपेरी, अर्धा काळा गोळा आतल्या वजनाच्या जोरावर स्वतःभोवती फिरतो. त्याच्या आतील चाकाला ५७ दात असून काट्याच्या प्रत्येक फेरीला ते दोन दात सरकते. त्यामुळे कलांचे चक्र सुमारे साडेएकोणतीस दिवसांत पूर्ण होते.

तबकडीवर काळ वाचण्याच्या तीन रीती एकत्र आहेत. रोमन आकड्यांचे वर्तुळ आजच्या घड्याळाचे. त्याबाहेरच्या काळ्या कड्यावरील सोनेरी गॉथिक वळणाचे आकडे जुन्या चेक काळाचे. त्यात दिवस सूर्यास्ताला संपतो आणि मोजणी तेथून सुरू होते. सूर्यास्त रोज सरकतो, म्हणून ते कडेही वर्षभर पुढेमागे झुलते. तिसरी रीत सोनेरी वक्ररेषांची : सूर्योदय ते सूर्यास्त या अवधीचे बारा समान भाग. दिनमानाचे चार भाग करून प्रहर किंवा आठ भाग करून राहुकाळ काढण्याची पंचांगाची रीत ज्याला ठाऊक आहे, त्याला हे लगेच उमगते. फरक प्रमाणाचा आहे. महाराष्ट्रात दिनमानाचा बारावा भाग वर्षभरात साधारण ५५ ते ६६ मिनिटांत राहतो. प्राग बरेच उत्तरेला असल्याने तेथे तो डिसेंबरात सुमारे ४० मिनिटांचा आणि जूनमध्ये ८२ मिनिटांच्या आसपास असतो. वाचण्याची कृती अशी : आधी काट्यावरचा सोनेरी सूर्य शोधावा, तो निळ्या भागात असेल तर दिवस, लालसर भागात संधिप्रकाश, काळ्यात रात्र. मग त्याच्याजवळची वक्ररेषा पाहावी. त्याच काट्याच्या टोकाचा सोनेरी हात रोमन आकडा आणि बाहेरच्या कड्यावरील जुना आकडा दोन्ही दाखवतो.

दर तासाला, सकाळी ९ ते रात्री ११ या वेळात, वरच्या दोन खिडक्यांतून बारा प्रेषित (येशूचे शिष्य) फिरतात, सांगाडा दोरी ओढतो आणि शेवटी कोंबडा आरवतो. सगळे मिळून मिनिटभराचे काम. आजचे प्रेषित जुने नाहीत. ८ मे १९४५ रोजी नगरगृह पेटले त्यात आधीचे जळाले. नवे वोयतेख सुखार्दा यांनी घडवले आणि १९४८ मध्ये घड्याळ पुन्हा सुरू झाले. त्याच आगीत नगरगृहाचा एक संपूर्ण भाग गेला. ती जागा आजही मोकळी आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस हे यंत्र भंगारात जाण्याची वेळ आली होती; क्लेमेंटिनम वेधशाळेच्या आंतोनीन स्ट्रनाड यांनी खटपट करून ते वाचवले. खालच्या दिनदर्शिकेची चित्रे योसेफ मानेस यांची (१८६५–६६), पण भिंतीवर प्रतिकृती आहे. अलीकडची मोठी दुरुस्ती २०१८ मध्ये पूर्ण झाली.

तासाला दहा मिनिटे उरली की समोरची जागा भरू लागते. अगदी भिंतीखाली उभे राहिल्यास खिडक्या तिरक्या दिसतात. आठ-दहा मीटर मागे सरकावे. सगळ्यांच्या माना वर असतात, त्याच मिनिटभरात खिसेकापू काम साधतात. पाकीट पुढच्या खिशात आणि पिशवी पोटाशी असावी. तबकडी समजावून घ्यायची असेल तर तास टळल्यावर पाच मिनिटांनी यावे, तेव्हा समोर मोकळीक मिळते.

चौक : नगरगृहाच्या पूर्व भिंतीलगत फरसबंदीत २७ पांढरे क्रूस बसवले आहेत. हाब्सबुर्ग सम्राटाविरुद्धचे बंड प्रागजवळच्या बीला होरा येथील लढाईत मोडल्यानंतर २१ जून १६२१ रोजी येथे २७ बंडखोर नेत्यांना देहदंड झाला. त्यांतील बारा जणांची शिरे पुलाच्या मनोऱ्यावर टांगली गेली आणि बहुतेक १६३१ पर्यंत तेथेच होती. गर्दीत लोक नकळत क्रूसांवर उभे राहतात. मार्गदर्शकाने आधी गट बाजूला घ्यावा आणि मग सांगावे. धर्मसुधारक यान हुस यांचे शिल्प लादिस्लाव शालोउन यांचे, १९१५ चे. टीन चर्चमध्ये खगोलशास्त्रज्ञ टायको ब्राहे यांची कबर आहे (मृत्यू १६०१). चौकातली धातूची पट्टी प्रागचे जुने याम्योत्तर (उत्तर-दक्षिण रेषा) दाखवते : १६५० मध्ये उभारलेल्या मेरीच्या स्तंभाची सावली तिच्यावर पडली की मध्यान्ह. ही स्थानिक मध्यान्ह मध्य युरोपीय प्रमाणवेळेच्या मध्यान्हीपेक्षा सरासरी सव्वादोन मिनिटे उशिरा होते. स्तंभ नोव्हेंबर १९१८ मध्ये जमावाने पाडला. २०२० मध्ये प्रतिकृती उभी राहिली.

कार्लोवा रस्ता अरुंद, वळणाचा आणि दुकानांनी भरलेला आहे. गट तुटतो तो येथेच. तेथील क्लेमेंटिनममध्ये हवामानाच्या नोंदी १७७५ पासून अखंड चालू आहेत. पुलाजवळचा आडवा रस्ता ओलांडताना ट्रामकडे लक्ष हवे. चेक नियमानुसार पट्ट्यांवरही पादचाऱ्याने ट्रामला वाट द्यावी लागते.

चार्ल्स पूल : १३४२ च्या पुराने आधीचा युदिता पूल वाहून गेला. नव्याचा पाया १३५७ मध्ये घातला गेला आणि पेत्र पार्लेर्झ याच्या देखरेखीखालचे बांधकाम त्याच्यानंतरही पंधराव्या शतकाच्या आरंभापर्यंत चालले. लांबी सुमारे ५१६ मीटर, कमानी १६. पायाभरणी ९ जुलैला पहाटे ५ वाजून ३१ मिनिटांनी झाली असे हमखास सांगितले जाते, कारण वर्ष, दिवस, महिना आणि वेळ ओळीने मांडल्यास १-३-५-७-९-७-५-३-१ अशी चढउतार मिळते. वर्षाला आधार आहे. नेमकी वेळ मात्र ज्योतिषगणितावरून विसाव्या शतकात मांडलेला तर्क आहे आणि मिनिटापर्यंतचा हिशेब चौदाव्या शतकात ठेवला जात होता असे मानणे कठीण. ३० पुतळे बहुतांशी १६८३ ते १७१४ मधले. संत यान नेपोमुकचा पुतळा सर्वांत जुना. अनेक मूळ पुतळे आता संग्रहालयात असून पुलावर प्रतिकृती आहेत.

योसेफोव : जुनी ज्यू वस्ती. १८९३ च्या कायद्यानंतर तिचा बराचसा भाग पाडून रुंद रस्ते काढले गेले. जुनी-नवी सिनेगॉग (सुमारे १२७०) आणि दफनभूमी राहिली. साध्या फेऱ्या बाहेरूनच जातात. आत जायला वेगळे तिकीट लागते आणि शनिवारी स्थळे बंद असतात.

मार्गदर्शक, पैसे, पादत्राणे : चेक कायद्यानुसार मार्गदर्शकाला ओळखपत्र लागते व काम करताना ते दिसेल असे लावावे लागते. २०२० पासून त्याचे दोन स्तर आहेत : पहिल्या स्तरासाठी व्यावसायिक पात्रता सिद्ध केलेली असते, दुसऱ्यासाठी नसते. ‘मोफत’ म्हणून जाहीर होणाऱ्या फेऱ्या बक्षिसीवर चालतात. मार्गदर्शकाची कमाई तीच असते, हे लक्षात ठेवून द्यावे. गट वीसच्या वर गेला की मागच्यांना ऐकू येत नाही. कानातली यंत्रे नसतील तर लहान गट निवडावा. चौकाच्या आसपास पैसे बदलताना दर वाईट मिळू शकतो. २०१९ पासून विनिमय केंद्रातील छोटा व्यवहार तीन तासांच्या आत रद्द करता येतो, त्यासाठी पावती जपावी.

फरसबंदी दोन प्रकारची आहे. रस्त्यात ग्रॅनाइटचे घडीव चौकोनी दगड, पदपथांवर लहान तुकड्यांची नक्षी. नक्षीचे दगड वर्षानुवर्षांच्या वावराने गुळगुळीत झाले आहेत आणि पावसात किंवा बर्फात घसरतात. कडक गुळगुळीत तळ, टाचेच्या चपला आणि नवे कोरे बूट तिन्ही टाळावेत. रबरी, थोडा जाड तळ हवा. चाकांची बॅग ओढत फेरीला येऊ नये, सांध्यांत चाके अडकून निखळतात. डिसेंबरात चारच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणून हिवाळ्यात दुपारी दोननंतर निघालेली फेरी पूल गाठते तेव्हा पुतळ्यांचे चेहरे दिसत नाहीत. उन्हाळ्यात उलट करावे : सकाळी आठच्या आत पुलापासून सुरुवात करून बुरुजाकडे यावे, म्हणजे पूल मोकळा मिळतो आणि नऊच्या टोल्याला घड्याळासमोर पोहोचता येते.