घामातलं मीठ परत कोण ओढतं?

उन्हात राबलं की काळ्या शर्टाच्या पाठीवर पांढरे पट्टे उमटतात, ते सुकलेलं मीठ. पण तेच काम रोज उन्हात करत राहिलं तर काही आठवड्यांनी घाम वाढतो आणि त्यातलं मीठ मात्र कमी होतं! घामाच्या ग्रंथीच्या तळाशी घाम जवळपास रक्तातल्या पाण्याइतकाच खारट असतो, मग कातडीपर्यंत येणारी बारीक नळी त्यातलं सोडियम परत आत ओढते, आणि किती ओढायचं हे बरंचसं ठरवतं अल्डोस्टेरॉन, म्हणजे किडनीवर टोपीसारख्या बसलेल्या अॅड्रिनल ग्रंथीतलं हॉर्मोन. खूप घाम गाळणारा पण उन्हाला न सरावलेला माणूस दिवसाला १५ ते ३० ग्रॅम मीठ घालवू शकतो, ४ ते ६ आठवड्यांनी तेच ३ ते ५ ग्रॅमवर येतं.

लघवीचं खातं व्हॅसोप्रेसिन या दुसऱ्या हॉर्मोनकडे. ते मेंदूत बनतं, रक्त १-२ टक्के जास्त खारट झालं तरी वाढतं आणि किडनीला पाणी धरून ठेवायला लावतं, म्हणून उन्हातून आल्यावर लघवी गडद पिवळी. अल्डोस्टेरॉन मात्र संथ काम, पेशींकडून नवीन प्रोटीन बनवून घ्यायचं तर तास जातात.

हे कळलं कसं ते भारी आहे. दुसऱ्या महायुद्धात सैनिक पॅसिफिकच्या दमट गरमीला कसे सरावतात याचा अभ्यास मिशिगन युनिव्हर्सिटीचे जेरोम कॉन करत होते, घामातलं मीठ घटतं आणि त्यामागे अॅड्रिनलचं काहीतरी आहे असं त्यांना दिसलं. अल्डोस्टेरॉन सापडलं १९५३ साली. पुढच्याच वर्षी त्यांच्याकडे ३४ वर्षांची एक बाई आली, बीपी वाढलेलं, हातापायात गोळे, पोटॅशियम एकदम कमी. कॉननी चक्क तिचा घाम तपासला, त्यात सोडियम फारच कमी, म्हणजे ऊन नसताना शरीर मीठ साठवत होतं. अॅड्रिनलवर जास्तीचं अल्डोस्टेरॉन सोडणारी गाठ निघाली, ती काढल्यावर बाई बरी झाली, आणि आजाराला नाव पडलं कॉन सिंड्रोम.

आज बीपीच्या बऱ्याच गोळ्या अल्डोस्टेरॉनच्या याच साखळीला आवर घालतात किंवा लघवीवाटे मीठ-पाणी काढतात, त्यामुळे घरात कुणाला त्या चालू असतील तर एप्रिल-मे लागायच्या आधीच डोसबद्दल डॉक्टरांना विचारून घ्या, आपल्या मनाने बंद करू नका.