साखर कारखान्याचं सांडपाणी : टनामागे २०० लिटरचा हिशेब

उसात सुमारे ७० टक्के पाणी असतं. दिवसाला ५,००० टन गाळप करणाऱ्या कारखान्यात ३५ लाख लिटर पाणी उसातूनच येतं. बगॅसमधला, म्हणजे रस काढल्यावर उरलेल्या चोथ्यातला ओलावा वजा केला, तरी रस आटवताना निघणारी वाफ थंड करून वापरली तर बाहेरून फार थोडं पाणी लागतं. ज्या लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथे हा हिशेब जीवनमरणाचा आहे.

प्रक्रिया केलेलं सांडपाणी नदीत सोडायचं, तर त्याचा बीओडी, म्हणजे घाण कुजवताना जिवाणू वापरतात तो ऑक्सिजन, लिटरला ३० मिलिग्रॅमच्या आत हवा. जमिनीवर सोडायचं तर १०० च्या. पण एवढाच नियम असेल तर बोअरचं पाणी मिसळूनही आकडा खाली आणता येतो. घाण तेवढीच राहते, भूजल मात्र आणखी उपसलं जातं. केंद्र सरकारच्या २०१६ च्या अधिसूचनेने सांडपाण्यावर गाळलेल्या उसाच्या टनामागे एकूण २०० लिटरची मर्यादा घातली आणि ही पळवाट अरुंद झाली. माझ्या मते मराठवाड्यासाठी बीओडीपेक्षाही ही मर्यादा मोलाची आहे.

यात पैशाचाही भाग आहे. या सांडपाण्यातली बरीचशी घाण म्हणजे साखरच. एक किलो साखर पूर्ण कुजायला सुमारे १.१ किलो ऑक्सिजन लागतो. नदीच्या जवळपास १ लाख ४० हजार लिटर पाण्यात विरघळलेला असतो तेवढा. गाळपाच्या महिन्यांत मांजरा, तेरणा या नद्यांना धार कितीशी असते? बंधाऱ्यात साचलेल्या पाण्यातले मासे आधी मरतात. म्हणून बाष्पीभवनाच्या भांड्यांतून रसाचे थेंब वाफेबरोबर उडतात का, हे पाण्यातली साखर रंगावरून दाखवणाऱ्या अल्फा-नॅप्थॉलच्या चाचणीने वरचेवर पाहावं. गळती थांबली की साखर वाचते, ते पाणी परत वापरता येतं आणि शुद्धीकरणाचा भारही उतरतो.

नियम नीट आखला तर उद्योग सुधारतो आणि खर्चही भरून निघू शकतो, असं अर्थतज्ज्ञ मायकेल पोर्टर यांनी १९९१ मध्ये मांडलं. इथे मात्र काही भागच, टाकीत हवा सोडणाऱ्या ब्लोअरचं वीजबिल काही परत मिळत नाही. पण तो खर्च टाळला, तर खालच्या गावातला विहिरीवाला तो भरतो.

शुद्धीकरणाची टाकी गाळपाच्या महिनाभर आधी, जिवाणू वाढावेत म्हणून शेणकाला टाकून सुरू करावी लागते. या सांडपाण्यात नत्र, स्फुरद कमी. बीओडीच्या १०० भागांना ५ भाग नत्र आणि १ भाग स्फुरद पडेल एवढा युरिया, डीएपी द्यावा. नाहीतर तंतुमय जिवाणू माजतात आणि गाळ खाली बसत नाही. मिलचं तेल टाकीत आलं, की ऑक्सिजन पाण्यात नीट मिसळत नाही. भांडी धुतलेला कॉस्टिक सोडा एकदम सोडला तर जिवाणूच मरतात. तो वेगळा साठवून थोडा थोडा सोडावा.

तपासणीला आलेल्यांनी नमुन्याची बाटली भरण्याआधी त्या दिवसाच्या गाळपाची नोंद आणि सांडपाणी मोजणाऱ्या फ्लोमीटरचं रीडिंग शेजारी ठेवून पाहावं.