माकडताप : सत्तरीच्या रानापर्यंतचा प्रवास

काजूचा हंगाम सुरू झाला की गोव्याच्या सत्तरी तालुक्यातली माणसे सकाळीच रानात शिरतात. पडलेला बोंडू उचलायचा तर वाकून पालापाचोळ्यात हात घालावाच लागतो, आणि माकडताप देणारी गोचीड तिथेच असते. तिची पिल्ले इतकी बारीक की पायावर चढलेली कळतही नाहीत. आठवड्याभराच्या आत सणकून ताप भरतो, डोके ठणकते, अंग मोडून येते. २०१५ मध्ये पाली गावात साथ आली तेव्हा रुग्णांत काजूच्या बागायतीत राबणारे बरेच होते. पुढच्याच वर्षी सीमेपलीकडे महाराष्ट्रातल्या दोडामार्गातही रुग्ण सापडले.

रोग मात्र जुना. १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडे पटापट मरू लागली. आधी पीतज्वराचा संशय आला, तपासणीत विषाणू नवाच निघाला. पुढे कित्येक वर्षे हे कर्नाटकाचेच दुखणे मानले गेले.

खरा घोळ नावाने घातला. ‘माकडताप’ म्हटले की माकडानेच रोग दिला असे वाटते. वास्तविक माकड आपल्यासारखेच गोचिडीचे बळी, आणि ते आपल्याआधी मरते. मेलेल्या माकडाच्या अंगावरच्या गोचिडी खाली उतरतात आणि तेवढी जागा धोक्याची होते. म्हणून मेलेले माकड ही रानाने दिलेली पहिली खबर असते. ती वेळेवर पोचली तर भोवतालच्या ५० मीटर परिसरात औषध मारता येते, लोकांना तिकडे जाण्यापासून थांबवता येते.

नेमके २०१६ मध्ये गोव्यात माकडांना मोर, रानडुकरांसोबत उपद्रवी ठरवण्याचा विचार पुढे आला. नारळ-केळीचे नुकसान खरे आहे, बागायतदाराचा संतापही खरा. पण ज्याच्या मरणाची खबर आपल्याला हवी, त्यालाच शत्रू ठरवले तर ती खबर द्यायला कोण धावणार? माझ्या मते त्या चर्चेत आरोग्याची बाजू मांडलीच गेली नाही.

लसही दिली गेली, पण तिचा प्रभाव कमी पडत गेला आणि २०२२ मध्ये तिचा वापर थांबला. आता उरले ते रानात जाण्याआधी हातापायांना लावायचे गोचीड-प्रतिबंधक तेल, अंगभर कपडे आणि परतल्यावर गरम पाण्याची आंघोळ. मेलेले माकड दिसले तर हात लावायचा नाही, त्याच दिवशी आरोग्य केंद्राला नाहीतर वनरक्षकाला कळवायचे.