नागपुरातल्या व्हीएचएस कॅसेटी: टेप, यंत्र आणि कूलरची हवा

लग्नाची जुनी कॅसेट खराब निघाली की नागपुरात सगळा दोष उन्हावर जातो. ऊन अगदीच निर्दोष नाही, पण टेपच्या कडेला जी पांढरी भुकटी दिसते ती बुरशी असते, आणि बुरशीला लागतो ओलावा. नागपूरच्या घरात ओलावा दोनदा शिरतो: जूनच्या मध्यापासून पावसाबरोबर, आणि त्याच्या आधीचे दोन-अडीच महिने कूलरमधून. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या सुमाराच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, बाहेरची दुपारची आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास असते, पण वाळ्याच्या ताट्यांचा कूलर लावून खिडक्या बंद केलेल्या खोलीत ती ६०-७० टक्क्यांवर सहज जाते. टीव्ही, व्हीसीआर (कॅसेट चालवणारं आणि टेप करणारं यंत्र) आणि कॅसेटींची शोकेस नेमकी त्याच खोलीत असायची, बहुतेक वेळा कूलरच्या झोतासमोरच.

हे यंत्र आणि ही टेप घरात आली कशी, ते आधी पाहू. व्यवहारात चालणारा पहिला व्हिडिओ रेकॉर्डर अँपेक्स कंपनीने १४ एप्रिल १९५६ ला शिकागोत दाखवला. टेप दोन इंच रुंद, वेग सेकंदाला १५ इंच, आणि टेपच्या रुंदीत आडवी फिरणारी चार हेडची (टेपवर लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या चुंबकीय टोकांची) चकती मिनिटाला १४,४०० फेरे घेणारी. बरोबर सहा महिन्यांनी, १४ ऑक्टोबरला, नागपुरात धम्मदीक्षेचा सोहळा झाला. तेव्हा भारतात टीव्हीच नव्हता, तो दिल्लीत १९५९ साली आला. हलतं चित्र टिपायचं तर फिल्म वापरून ती प्रयोगशाळेत धुवून घ्यावी लागे. आवाजाची सोय मात्र शहरात होती, कारण आकाशवाणीचं नागपूर केंद्र १९४८ पासून चालू होतं.

पुढची वीस वर्षं टेप अरुंद होत गेली. सोनीची पाऊण इंची यू-मॅटिक १९७१ ची, अर्धा इंची बीटामॅक्स १९७५ ची आणि जेव्हीसीची व्हीएचएस १९७६ ची. आपल्याकडे खरी लाट १९८२ नंतर आली, म्हणजे दिल्लीच्या आशियाई खेळांच्या निमित्ताने दूरदर्शन रंगीत झालं तेव्हा. व्हीसीआर विकत घेणारी घरं थोडी. बाकीचे व्हिडिओ लायब्ररीतून एका रात्रीसाठी व्हीसीआर, रंगीत टीव्ही आणि तीन पिक्चरच्या कॅसेटी भाड्याने आणत आणि गल्ली जमवत.

व्हीएचएसची युक्ती अशी. टेप हळू सरकते, पाल पद्धतीत (आपल्याकडच्या टीव्हीच्या चित्रपद्धतीत) सेकंदाला फक्त २३.३९ मिलिमीटर. पण ती ६२ मिलिमीटर व्यासाच्या तिरक्या ड्रमभोवती गुंडाळलेली असते आणि ड्रम मिनिटाला १५०० फेरे घेतो. त्यामुळे हेड आणि टेप यांच्यातला वेग सेकंदाला ४.८५ मीटर पडतो. प्रत्येक फेरीत दोन तिरक्या रेघा लिहिल्या जातात, एक रेघ म्हणजे चित्राचं एक फील्ड, एकाआड एक ओळींचं अर्धं चित्र. रेघेची रुंदी ४९ मायक्रॉन. म्हणजे टेप कणभर वर-खाली झाली की हेड शेजारच्या रेघेवर जातं आणि पडद्यावर बर्फ पडतो.

टेपच्या दोन्ही कडांना वेगळं काम आहे, आणि दुरुस्तीला बसण्याआधी हे माहीत हवं. वरच्या कडेला साध्या आवाजाची पट्टी, खालच्या कडेला कंट्रोल ट्रॅक. वरची कड चुरगळली तर चित्र ठीक राहून आवाज घरघरतो किंवा मध्येच जातो. खालची कड चुरगळली तर व्हीसीआरला रेघ कुठे सुरू होते तेच कळत नाही, मग ट्रॅकिंगचं बटण कितीही फिरवा, उपयोग नाही. ई-१८० कॅसेटमध्ये सुमारे २५८ मीटर टेप असते. चार तासांच्या ई-२४० मध्ये तेवढ्याच डबीत जास्त लांबी मावावी म्हणून टेप पातळ केलेली असते, आणि तीच आधी चुरगळते.

टीव्हीवरून टेप करायची हौसही त्याच काळातली. ३१ ऑक्टोबर १९८७ ला नागपुरात विश्वचषकाचा भारत-न्यूझीलंड सामना झाला. चेतन शर्माची हॅटट्रिक आणि गावसकरांचं एकदिवसीय सामन्यांतलं एकमेव शतक, ८८ चेंडूंत नाबाद १०३, एकाच दिवशी. असा सामना टेप करायचा तर तीन तासांच्या कॅसेटवर ५० षटकांचा एक डावही पुरता मावत नसे. लाँग प्ले लावला की वेळ दुप्पट मिळे, पण रेघा अर्ध्या रुंदीच्या होत, आणि आज नेमक्या अशाच कॅसेटी दुसऱ्या व्हीसीआरवर चालायला सर्वात जास्त त्रास देतात. आणखी एक खोड सगळीकडची: कॅसेटच्या मागच्या कडेची छोटी प्लॅस्टिकची चीप तोडली की वर रेकॉर्डिंग होत नाही, पण लोक तिथे सेलोटेप लावून त्याच कॅसेटवर पुढची मालिका टेप करत. जुनी कॅसेट हातात आली की पहिलं काम म्हणजे ती चीप तोडणं.

लग्नाचं शूटिंग खांद्यावरच्या व्हीएचएस कॅमेऱ्यावर होई. पॅनासॉनिकचा एम-९००० हा त्यातला सर्वांच्या ओळखीचा. सोबत हजार वॅटचा हॅलोजन, ज्यामुळे जुन्या लग्नात नवरदेवासह सगळे डोळे बारीक करून बसलेले दिसतात. घरी मिळे ती कॅसेट मात्र मूळ नसे. मूळ टेपवरून मिक्सरमधून बदाम, फुलं आणि गाणी घालून दुसरी टेप बने, तिच्यावरून घरची प्रत निघे. व्हीएचएसची आडवी स्पष्टता मुळातच २४० रेषांच्या आसपास, त्यात प्रत्येक पिढीला रंग पसरतात आणि कडा थरथरतात. चित्र धूसर दिसतं त्यात वयाचा वाटा थोडा, या नकलांचा मोठा.

आता बुरशी. कॅसेटच्या खिडकीतून चाकावरच्या टेपच्या थराकडे टॉर्च मारून पाहावं. थर गुळगुळीत काळा दिसला तर ठीक. पांढरे ठिपके किंवा जाळं दिसलं तर ती कॅसेट कोणत्याही चांगल्या व्हीसीआरमध्ये घालू नये. बुरशी हेडवर बसते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. आधी ती हवाबंद डब्यात सिलिका जेलबरोबर आठवडाभर ठेवावी, म्हणजे बुरशी वाळून भुकटी होते. मग गच्चीवर किंवा अंगणात, तोंडाला मास्क लावून, डबीचे पाच स्क्रू काढावेत. झाकण सरळ वर उचलावं, नाहीतर आतले स्प्रिंग उडतात. टेप सावकाश एका चाकावरून दुसऱ्यावर घेत कोरड्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसावी आणि चाकं स्वच्छ डबीत बसवावीत. हे काम कूलरच्या खोलीत कधीच नको. कॅसेट उन्हात वाळवणं तर त्याहून वाईट, कारण स्लॅबवर तापलेली डबी वाकते आणि चाकं घासू लागतात.

उन्हाचा खरा फटका असतो तो सर्वात वरच्या मजल्यावरच्या लोखंडी आलमारीत. टेपचा प्लॅस्टिकचा पाया तापून ताणतो, गार होऊन आकसतो, आणि गुंडाळी सैल पडून तिचे काही पदर बाहेर सरकतात. अशी कॅसेट चालवण्याआधी एकदा पूर्ण पुढे आणि एकदा पूर्ण मागे गुंडाळून घ्यावी. कॅसेट पुस्तकासारखी उभी ठेवायची, भरलेलं चाक खाली.

टेपपेक्षाही मोठी अडचण आता यंत्राची आहे. जपानच्या फुनाई कंपनीने जुलै २०१६ मध्ये व्हीसीआरचं उत्पादन बंद केलं, आणि नवा व्हीसीआर बनवणारं दुसरं कोणी उरलं नव्हतं. म्हणजे बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) किंवा जुन्या बाजारात जे मिळतं ते सगळं वापरलेलं. विकत घेताना आधी आपल्या मोलाची कॅसेट घालून पाहू नये, टाकाऊ कॅसेट न्यावी. रबरी पिंच रोलर कडक, चकचकीत झाला असेल तर तो टेप ओढताना तिरकी नेतो आणि चावतो. ग्रीस वाळलेलं असेल तर टेप ड्रमभोवती गुंडाळली जाते पण परत येत नाही. हेड साफ करताना शॅमॉय चामड्यावर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्यावं, ते ड्रमला नुसतं टेकवावं आणि ड्रम हाताने फिरवावा. चामडं वर-खाली घासलं की हेडचं ठिसूळ फेराइटचं टोक तुटतं, आणि मग दुसरा व्हीसीआरच शोधावा लागतो. कानातल्या कापसाच्या काड्या तर दूरच ठेवाव्यात, त्यांचे धागे टोकात अडकतात.

संगणकात घेताना सर्वाधिक प्रती बिघडतात त्या स्वस्त यूएसबी कॅप्चर डोंगलवर. व्हीएचएसच्या प्रत्येक ओळीची वेळ किंचित मागेपुढे होत असते. जुना ट्यूबचा टीव्ही ते निमूट सहन करायचा. डोंगल मात्र गोंधळतं, फ्रेम गाळतं, आणि तासाभरात मंगलाष्टकं आणि ओठ यांचा मेळ सुटतो. उपाय म्हणजे मध्ये टाइम बेस करेक्टर, ओळींची वेळ सरळ करणारं यंत्र. तो महाग वाटला तर पॅनासॉनिकचे ईएस-१० किंवा ईएस-१५ हे जुने डीव्हीडी रेकॉर्डर नुसते मधून जोडले तरी ओळी पुष्कळशा सरळ होतात. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी पाठवलेली कॅसेट असेल तर ती एनटीएससी, म्हणजे अमेरिकी चित्रपद्धतीची, असते, ५२५ ओळींची. ती निव्वळ पाल व्हीसीआरवर लोळते, तिला दोन्ही पद्धती चालवणारा मल्टी-सिस्टीम व्हीसीआरच हवा.

पाल चित्र ७२० गुणिले ५७६ मध्ये घ्यावं आणि इंटरलेस, म्हणजे फील्डांची आळीपाळीची मांडणी, जसंच्या तसं ठेवावं. ट्यूबचा टीव्ही सेकंदाला ५० फील्ड आळीपाळीने दाखवत असे. एलसीडीवर तेच चित्र हलताना कंगव्याच्या दातांसारखं दिसतं, म्हणून लोक घाईने अर्धी फील्ड टाकून देतात आणि वरातीतला नाच धक्क्याधक्क्याने चालतो. डीइंटरलेस करायचं, म्हणजे फील्डांच्या पूर्ण फ्रेम बनवायच्या, तर पाहण्याच्या प्रतीत, सेकंदाला ५० फ्रेम ठेवून. आणि चित्र ४:३ च राहू द्यावं. रुंद पडदा भरायला ते ताणलं की अख्खं वऱ्हाड जाडजूड दिसतं.

पुष्कळ घरांत मधल्या काळात त्याच कॅसेटची व्हीसीडी करून कॅसेट टाकून दिली गेली. व्हीसीडी म्हणजे ३५२ गुणिले २८८, एका सीडीवर ७४ मिनिटं. हलत्या गर्दीत तिचे चौकोन उठतात. टेप अजून जिवंत असेल तर व्हीसीडीवरून प्रत कधीच काढू नये. घरी लिहिलेल्या सीडी-डीव्हीडीत माहिती रंगद्रव्याच्या थरात असते, तो उजेडाने आणि उष्णतेने उतरतो. वधू-वरांच्या नावाचा गोल स्टिकर असेल तर तो उन्हाळ्यात सुटतो आणि सोबत चमकता थरही उचलतो. स्टिकर ओढून काढू नये, आधी डिस्कची इमेज, म्हणजे संगणकात हुबेहूब प्रत, काढून घ्यावी. मिनीडीव्ही कॅमेऱ्याच्या टेपचं त्यामानाने सोपं आहे: १९९५ पासूनची ही टेप डिजिटलच, फायरवायर केबलमधून तासाला सुमारे १३ जीबी जशीच्या तशी उतरते. फक्त चालणारा कॅमेरा आणि फायरवायर पोर्ट असलेला जुना संगणक मिळवावा लागतो.

साठवण दोन हार्ड डिस्कवर करावी, त्यातली एक दुसऱ्या घरी. एसएसडीला (चिपवर साठवणाऱ्या डिस्कला) हलणारे भाग नाहीत म्हणून ती आलमारीत टाकून विसरण्याकडे कल असतो. पण तिच्यातली माहिती विद्युतभारावर टिकते आणि तो भार उष्णतेत लवकर गळतो. घरगुती एसएसडीचं मानक असं की आयुष्य संपत आलेल्या डिस्कने वीज बंद असताना ३० अंशांवर एक वर्ष माहिती धरावी. नवी डिस्क याहून पुष्कळ जास्त धरते, पण मे महिन्यात स्लॅबखालची आलमारी ४० च्या पुढे असते. ती खालच्या मजल्यावर ठेवावी, आणि होळीच्या सुमारास, कूलर बाहेर निघण्याआधी, एकदा संगणकाला लावून सगळ्या फायली चेकसमने (फाइल बदलली का ते सांगणाऱ्या आकड्याने) तपासून घ्याव्यात.