इंधनदूषण तपासणीतील निरीक्षण विहीर (मराठवाडा)

जमिनीत मुरलेले पेट्रोल, डिझेल किंवा रॉकेल किती खोल गेले, कुठवर पसरले आणि कोणत्या दिशेने सरकते आहे हे कळावे म्हणून मुद्दाम घेतलेली अरुंद विहीर. तिचे पाणी वापरायचे नसते, तपासायचे असते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ज्या विहिरींची पाणीपातळी मोजते त्यांनाही निरीक्षण विहिरीच म्हणतात. पण त्या बहुतांशी गावातल्या रुंद, उघड्या विहिरी. इंधनाचा माग काढायला त्या पुरत नाहीत, कारण उघड्या पाण्यातून इंधनाचे हलके घटक हवेत उडून जातात.

गळती बहुधा पेट्रोल पंपाच्या जमिनीखालच्या टाकीतून किंवा पाइपांच्या सांध्यांतून होते. रोज डिप घेऊन, म्हणजे टाकीत मोजकाठी बुडवून, नोंदलेला साठा आणि झालेली विक्री यांचा मेळ बसेनासा झाला, की शंका तिथेच यायला हवी. पुष्कळदा ती येते शेजारच्या मळ्यातल्या विहिरीवरून: पाण्याला वास येतो, वर सप्तरंगी तवंग दिसतो. प्रत्येक तवंग तेलाचा नसतो. लोहजीवाणूंचाही असाच चकचकीत पापुद्रा धरतो. काडीने डिवचल्यावर तो काचेसारखा फुटतो आणि तुकडे वेगळे राहतात; तेलाचा तवंग काडी बाजूला होताच पुन्हा जुळून येतो. अशा विहिरीत गाळ काढायला माणूस उतरवू नये. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती तळाशी साचते. श्वास कोंडतो आणि मोटारीच्या एका ठिणगीने पेटही घेते.

मराठवाड्याचा बहुतेक भाग दख्खनच्या बेसाल्टवर आहे आणि इथली तपासणी अवघड होते ती त्यामुळेच. वर काळी चिकण माती, खाली मुरूम, मग कमीअधिक फुटलेला खडक. कुठे घट्ट काळा पाषाण, कुठे मांजऱ्या (पोकळ्यांचा मऊसर बेसाल्ट), दोन थरांमध्ये कधी लाल मातीचा पट्टा. काळी माती पावसाळ्यात फुगून पाणी अडवते. उन्हाळ्यात मात्र तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि त्यांतून सांडलेले डिझेल सरळ मुरमाकडे उतरते. वाळूत इंधन बऱ्यापैकी सलग पसरते, त्याचा अंदाज बांधता येतो. बेसाल्टमध्ये ते फटी धरून जाते. पंपालगतची विहीर स्वच्छ आणि दोन शेते ओलांडून असलेल्या बोअरला वास, असेही घडू शकते. म्हणून एका विहिरीचा निर्दोष अहवाल हा सगळी जागा स्वच्छ असल्याचा पुरावा धरणे चूक आहे.

पाण्याच्या वाहण्याची दिशा काढायला निदान तीन विहिरी लागतात, त्याही त्रिकोणात. एका रेषेत असल्या तर उपयोग नाही. खोदताना निघालेली माती दर थराला झाकबंद पिशवीत घेऊन थोडी तापू देतात आणि पिशवीतली वाफ यंत्राने मोजतात. कोणता नमुना प्रयोगशाळेत पाठवायचा ते त्यावरून ठरते. बोअरची नेहमीची गाडी हवेच्या जोरावर खडक फोडते. त्या हवेने हलके घटक उडतात आणि खडक फोडणाऱ्या हातोड्याला लागणारे तेलही भोकात उतरते, तेव्हा ही गाडी वापरायचीच असेल तर तेवढी दक्षता घ्यावी लागते. भोकात साधारण ५० मिलिमीटर व्यासाचा पाइप सोडतात. त्याच्या खालच्या भागाला बारीक चिरा असतात, भोवती धुतलेली वाळू आणि वर बेंटोनाइटचे बूच. बेंटोनाइट ही फुगणारी माती आपल्या काळ्या मातीच्याच जातकुळीची.

चिरांचा भाग पाणीपातळीच्या वर-खाली दोन्हीकडे हवा, कारण इंधन पाण्यावर तरंगते. सगळा भाग पाण्याखाली राहिला तर तरंगणारा थर विहिरीत येतच नाही. ऑक्टोबरात पाणी हाताशी आणि मे महिन्यात कित्येक मीटर खाली, हा मराठवाड्याचा रिवाज. पाणी खाली जाते तसे तेलही खाली जाते आणि वाटेतल्या मुरमाला चोपडले जाते. पावसाळ्यात पाणी चढले की त्याच चोपडलेल्या थरातून बेंझीन हा पेट्रोलमधला विषारी घटक पुन्हा विरघळू लागतो. उन्हाळ्यात विहीर कोरडी पडली म्हणून तपासणी आटोपती घेण्याचा मोह होतो, पण पूर्ण एक वर्ष, पावसाळ्याआधी आणि नंतर, नमुने घेतल्याशिवाय निष्कर्ष काढू नये.

विहिरीत तेल साचले असेल तर पातळी दुरुस्त करावी लागते. ०.७४ घनतेच्या पेट्रोलचा थर ४० सेंटिमीटर असल्यास पाण्याची खरी पातळी तेलाखालच्या पाण्यापेक्षा सुमारे ३० सेंटिमीटर वर धरतात. विहिरीतला तेलाचा थर भोवतालच्या खडकातल्या थरापेक्षा बहुधा जाडच दिसतो, त्यामुळे त्यावरून सांडलेले लिटर मोजू नयेत.

नमुन्याआधी साचलेले पाणी काढून टाकतात. जुन्या पद्धतीने विहिरीतल्या पाण्याच्या तिप्पट. पाण्याचा स्तंभ ६ मीटर असेल तर हे पाणी सुमारे ३५ लिटर होते. ते शेतात किंवा गटारात सोडायचे नसते. नमुना ४० मिलिलिटरच्या काचेच्या कुपीत काठोकाठ भरतात. झाकण लावून कुपी उलटी केल्यावर आत बुडबुडा दिसला तर नमुना बाद. कुपी बर्फात ठेवून, आम्ल घातले असल्यास १४ दिवसांच्या आत तपासतात. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात बेंझीनची मर्यादा लिटरमागे १० मायक्रोग्रॅम ठेवली आहे. त्याने कर्करोग होतो हे सिद्ध आहे. ही मात्रा इतकी कमी, की नाकाला वास न येणारे पाणीही सुरक्षित असेलच असे नाही.

नायट्रेटही मोजावे. खतांमुळे इथल्या भूजलात ते पुष्कळदा भरपूर असते आणि तेल खाणारे जीवाणू ते वापरतात. भोवतालच्या विहिरींत नायट्रेट चढे आणि एकीतच उतरलेले असेल तर तिथे जीवाणू इंधन खात असण्याची शक्यता असते.

जलप्रदूषणाला १९७४चा जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम लागू होतो व अंमलबजावणी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे असते. दूषित स्थळांसाठी केंद्राने २०२५ मध्ये स्वतंत्र नियम केले.

काम संपल्यावर निरीक्षण विहीर तशीच सोडत नाहीत. ती तळापासून वरपर्यंत सिमेंट आणि बेंटोनाइटने भरून बंद करतात, नाहीतर वरची घाण खालच्या पाण्यात नेणारी आणखी एक नळी तयार होते. आटून सोडून दिलेल्या जुन्या बोअरचेही तेच, आणि त्या गावोगाव उघड्या पडलेल्या आहेत.